क्रीमी सी-फूड पॉट पाय : सारणाला पाणी सुटते आणि झाकण खालून कच्चे राहते

खाजनकाठ
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. आज दुपारी केलेला सी-फूड पॉट पाय फसला. तो नेमका कुठे फसला हे समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खोलगट भांड्यात दाट पांढऱ्या सॉसमधले मासे, कोळंबी आणि भाज्या भरायच्या, वर मैद्याच्या खुसखुशीत पारीचे झाकण बसवायचे आणि भांडे तसेच ओव्हनमध्ये भाजायचे, असा हा अमेरिकी घरांतला प्रकार आहे. इंग्रजांच्या फिश पायवर पारीऐवजी कुस्करलेल्या बटाट्याचा थर असतो, तो पदार्थ वेगळा. आमच्या घरात मात्र हे नाव उच्चारले की सासरे दरवेळी ‘कोणाचे पाय?’ असे विचारतात, आणि आज जे ताटात पडले त्यानंतर त्यांना उत्तर देण्याची माझी हिंमत झाली नाही.

मी घेतलेली मापे अशी होती : सोललेली सुंगटे (कोळंबी) ४०० ग्रॅम, चणक माशाचे तुकडे २५० ग्रॅम, माणक्यांच्या (स्क्विडच्या) चकत्या २०० ग्रॅम, एक कांदा, एक गाजर आणि वाटीभर मटार. सॉससाठी ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध आणि २०० मिलिलिटरचे क्रीमचे एक पाकीट. मासे आणि सुंगटे सॉसमध्ये घालून दहा मिनिटे शिजवली, गरम सारण काचेच्या भांड्यात ओतले, वर लाटलेली पारी पसरली आणि ओटीजीमध्ये १८० अंशांवर ४० मिनिटे ठेवले.

झाकण वरून सोनेरी दिसत होते. सुरी घातली तेव्हा त्याची खालची बाजू पांढरी, चिकट, शिळ्या उकडीसारखी निघाली. सॉसच्या तळाशी पाणी साचले होते आणि वर लोण्याचे पिवळे डोळे तरंगत होते. सुंगटे आकसून घट्ट वेटोळी झाली होती. माणक्यांविषयी न बोललेलेच बरे. धाकट्याने एक चकती चावून चावून शेवटी ताटाच्या कडेला काढून ठेवली.

क्रीम कमी पडले असे घरातल्यांचे मत आहे. पुढच्या रविवारी दोन पाकिटे घालावीत का? जाणकारांनी कृपया सांगावे.


उंडो_पोळी
रविवार, रात्री १०.२५

खाजनकाठताई, क्रीम वाढवू नका. सॉसविषयी इतर जण सांगतीलच, मी झाकणाबद्दल लिहिते, कारण माझा सगळा दिवस मैद्यात जातो.

गरम सारणावर कच्ची पारी पसरली तिथेच काम बिघडले. पारीतले लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वाफेने वितळून गेले आणि पीठ उकडले गेले. आपल्याकडे शंकरपाळ्यांना किंवा नेवऱ्यांना (करंज्यांना) आपण कडकडीत मोहन घालतो, कारण तिथे तूप पिठाच्या कणाकणाला लागावे अशी आपली अपेक्षा असते. या पारीत नेमके उलटे हवे. लोणी थंडगार राहून त्याचे मटारच्या दाण्याएवढे तुकडे पिठात तसेच दिसले पाहिजेत. ओव्हनच्या धगीत ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. मळतानाच लोणी विरघळले तर पदर येणार कुठून?

२५० ग्रॅम मैद्याला १२५ ग्रॅम लोणी आणि बर्फाचे पाणी साधारण ६० मिलिलिटर पुरते. पाणी चमच्याचमच्याने घालावे, आणि पीठ मुठीत धरून जेमतेम गोळा झाले की थांबावे. पोळीच्या कणकेसारखे तिंबण्याचा मोह आवरावा, कारण जितके मळाल तितकी पारी चिवट होते. मळलेले पीठ झाकून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नंतर चार मिलिमीटर जाडीची पारी लाटा आणि लाटलेली पारीसुद्धा कागदावर ठेवून पुन्हा वीस मिनिटे थंड करा. नोव्हेंबरमध्येही आपल्याकडे दुपारी पारा ३० अंशांच्या वर असतो, त्यामुळे हे काम पहाटे उरकलेले बरे. मी काचेच्या बाटलीत बर्फाचे पाणी भरून तीच लाटणे म्हणून वापरते.

सारण पूर्ण थंड असावे. पारी भांड्याच्या कडेपेक्षा बोटभर मोठी ठेवून तिच्या कडेला नेवरीसारखी मुरड घालावी, म्हणजे सॉस बाहेर उतू जात नाही. मधोमध सुरीने तीन-चार चिरा द्याव्यात. त्या केवळ शोभेच्या नसतात. वाफेला वाट मिळाली नाही तर ती झाकणालाच खालून भिजवते. तापमान १८० ऐवजी २०० अंश ठेवा आणि ओटीजी पंधरा मिनिटे आधी तापवून घ्या. वरून अंडे फेटून लावावे. ज्यांच्याकडे अंडे चालत नाही त्यांनी दुधात चिमूटभर साखर घालून लावले तरी रंग छान येतो.


हुमण_भात
रविवार, रात्री १०.५१

एवढी ताजी सुंगटे हाती असताना ती मैद्याखाली पुरण्याचे प्रयोजन मला समजले नाही. हुमण (नारळाच्या वाटणातली माशांची आमटी) करावे, भात वाढावा, अर्ध्या तासात सारे जेवून मोकळे.


खाजनकाठ
रविवार, रात्री ११.०२

हुमण शनिवारी केले होते, आणि सोमवारी आमच्याकडे मासे नसतात. मधल्या रविवारवर कृपया दया करावी.

उंडो_पोळीताई, मोहनाची तुलना वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी लोणी चक्क पातळ करून पिठात ओतले होते.


काचपात्र
सोमवार, सकाळी ७.१५

मी निवृत्त शिक्षक आहे, रसायनशास्त्र शिकवत असे. स्वयंपाक पत्नीच्या देखरेखीखाली करतो, म्हणून कृतीपेक्षा कारणमीमांसा लिहितो.

खाजनकाठताईंच्या सॉसमध्ये दूध आणि क्रीम मिळून ७०० मिलिलिटर द्रव होता आणि मैदा अवघा ४० ग्रॅम होता. भाजीवर ओतण्याच्या पातळ सॉसला हे प्रमाण चालते. मात्र पायच्या सारणाला ते अपुरे आहे, कारण या भांड्यात आणखी एक द्रव नंतर येणार असतो आणि तो कोणी मोजत नाही. कोळंबीच्या किंवा माशाच्या मांसात वजनाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते. शिजताना प्रथिने आकसतात आणि त्यांतील काही पाणी बाहेर पिळले जाते. साडेआठशे ग्रॅम मासळीतून वाटीभर पाणी सहज निघू शकते. म्हणजे आपला सॉस भांड्यात पडल्यानंतर अधिकच पातळ होत गेला. त्यात क्रीमचे दुसरे पाकीट ओतले असते तर द्रवाचे प्रमाण आणखी वाढले असते.

सॉसवर आलेले लोण्याचे डोळे हे स्निग्धांश सुटल्याचे लक्षण आहे. आपल्याकडे पाकिटात मिळणाऱ्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. पाश्चात्त्य कृतींत अपेक्षित असलेल्या दाट क्रीममध्ये तो ३५ टक्के किंवा त्याहून जास्त असतो, आणि ते क्रीम उकळी सोसते. आपले पातळ क्रीम दीर्घकाळ खळखळले, किंवा त्याला आंबट पदार्थ लागला, की फुटण्याची शक्यता वाढते. दुधातील केसीन हे प्रथिन सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आले की साकळते; लिंबू, सोल किंवा व्हिनेगर घाईने घातल्यास तेच घडते. पुरेसा शिजलेला मैदा मात्र या प्रथिनांना आणि स्निग्धांशाला धरून ठेवतो. म्हणून मैदा लोण्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटे भाजावा, द्रव थोडाथोडा घालत ढवळावे आणि सॉसला खरी उकळी आणून आणखी चार-पाच मिनिटे शिजवावे. गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुगू लागतो, परंतु पूर्ण दाटपणा उकळीजवळ गेल्यावरच येतो. क्रीम अगदी शेवटी, आच बंद करून घालावे.

थोडक्यात, आपली अडचण क्रीमची नसून पाण्याची आहे.


माशेलची_सून
सोमवार, दुपारी १२.३०

काचपात्र सरांचे पटले. पण मला विचारायचे आहे की दूध-क्रीमऐवजी नारळाचा जाड रस घातला तर? आमच्याकडे दूध आणि मासे एकत्र खात नाहीत, सासूबाईंना ते मुळीच चालणार नाही. नारळाचा रसही फुटतो, हे मात्र सोलकढीखेरीज सगळीकडे अनुभवले आहे.


दर्यावर्दी
सोमवार, रात्री ११.४८

मी मुरगावचा. अनेक गोवेकरांप्रमाणे माझीही उमेदीची वर्षे प्रवासी जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, गेली. तिथे हा पदार्थ आठवड्यातून एकदा तरी असे, आणि तो करताना ज्या चुका मी केल्या त्या इथे उतरवल्या तर इतरांच्या वाचतील. मजकूर लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

सुरुवात सुंगटांच्या डोक्यांपासून करावी. सोललेली सुंगटे विकत घेऊ नयेत. पायची अर्धी चव आपण त्या टरफलांबरोबर कोळणीकडेच ठेवून येतो. पाऊण किलो अख्खी सुंगटे घ्यावीत आणि घरी सोलून पाठीवरचा काळा दोरा काढावा. डोकी आणि सालपटे चमचाभर तेलात परतून, ती लाल होऊन वास सुटला की कांद्याचा तुकडा, चार मिरी आणि तमालपत्र घालून अर्धा लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटेच उकळावीत. तास-दोन तास उकळल्यास कडवटपणा उतरतो. गाळताना डोकी डावेने दाबून त्यांचा अर्क काढावा. तेलावर जो नारिंगी तवंग येतो तो फेकू नये. सुंगटांचा तो रंग तेलात विरघळणारा असतो, आणि त्यामुळेच सॉसला नंतर फिकट केशरी छटा येते. तो रंग दिसला की समजावे, सॉसला सुंगटांची चव आली.

आता मोजमाप. सहा जणांसाठी ६० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम मैदा घेऊन त्यावर हा अर्क ३५० मिलिलिटर, दूध १५० मिलिलिटर आणि शेवटी क्रीम १०० मिलिलिटर, असा एकूण ६०० मिलिलिटर द्रव पुरे होतो. सॉस कढईत असताना गरजेपेक्षा घट्ट वाटला पाहिजे. डाव उलटा करून त्यावर बोटाने रेघ ओढली तर ती रेघ तशीच राहावी. नवख्या मुलाला मी एवढेच सांगत असे की सॉस पाहून तुला थोडी काळजी वाटली तर तो बरोबर झाला आहे, कारण मासळी आपले पाणी सोडून तो सैल करणारच आहे.

मासा घट्ट मांसाचा हवा. चणक उत्तम, गोबरो आणि तांबसोही चांगले, इसवण चालते पण ती लवकर कोरडी पडते. बांगडा आणि तारली यांचा तेलकट उग्रपणा पांढऱ्या सॉसला झेपत नाही, त्यांची जागा तिरफळांच्या आमटीत. माशाचे इंचभर तुकडे करून त्यांना हलके मीठ चोळावे, चाळणीत वीस मिनिटे ठेवावे आणि स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. चाळणीखाली जमलेले पाणी पाहिले की खाजनकाठताईंच्या भांड्यात काय झाले ते डोळ्यांनी दिसेल. सुंगटांनाही हाच संस्कार करावा. मासा आणि सुंगटे आधी शिजवू नयेत. थंड झालेल्या सॉसमध्ये ती कच्चीच मिसळावीत. ओव्हनमधला अर्धा तास त्यांना पुरेसा असतो. दहा मिनिटे गॅसवर आणि चाळीस मिनिटे ओव्हनमध्ये अशी दुहेरी शिक्षा दिल्यावर सुंगटांनी रबर व्हायचे नाही तर काय करायचे?

माणके एक तर दोन मिनिटांत काढावे किंवा पाऊण तास मंद शिजवावे, मधल्या वेळेत ते चामडे होते. पायमधली वेळ नेमकी मधली आहे, म्हणून ते वगळावे. त्याऐवजी तिसऱ्या (शिंपल्या) घ्या. मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून त्यांची वाळू निघू द्यावी, झाकण ठेवून वाफवाव्यात, ज्या उघडल्या नाहीत त्या टाकून द्याव्यात. वाफवताना सुटलेले पाणी फडक्यातून गाळून सुंगटांच्या अर्कात मिसळावे, परंतु ते खारे असते हे विसरू नये.

कांदा, गाजर आणि असल्यास सेलरी लोण्यावर मऊ होईपर्यंत परतावे, रंग येऊ देऊ नये. मटार शेवटी. मिरी पांढरी, जायफळ नखभर. मूळ कृतीत पांढरी वाइन असते. तिच्याऐवजी फेणी घालण्याचा प्रयोग मी सुट्टीवर असताना घरी केला होता. काजूची फेणी इतकी माजोरी निघाली की सुंगटे नावालाच उरली. आंबटपणा हवा असेल तर ताटात वाढल्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत.

झाकणाबाबत उंडो_पोळीताईंशी मी सहमत आहे, मात्र जहाजावर आम्ही झाकण वेगळेच भाजत असू. भांड्याच्या मापाची पारी ट्रेवर भाजून तयार ठेवायची, सारण स्वतंत्र गरम करायचे आणि वाढताना वर टेकवायची. तीनशे माणसांना एकाच वेळी कुरकुरीत झाकण देण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.


उंडो_पोळी
मंगळवार, सकाळी ६.१०

दर्यावर्दी, आपला प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. फक्त शेवटच्या परिच्छेदाशी माझे भांडण आहे. वेगळे भाजलेले झाकण वर ठेवणे म्हणजे वाटीवर बशी ठेवणे होय. पायची खरी गंमत झाकणाच्या त्या खालच्या पदरात असते, जो वरून कुरकुरीत आणि खालून सॉस प्यायलेला, पण कच्चा नसलेला असतो. तीनशे माणसांचे मी समजू शकते. घरी सहाच माणसे असतात.


दर्यावर्दी
मंगळवार, सकाळी ९.००

मान्य. घरी मीही आता आपल्याच पद्धतीने करतो. पहिल्यांदा करणाऱ्याने मात्र वेगळे झाकण करून पाहावे, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट सांभाळावी लागते.

माशेलची_सूनताई, नारळाच्या रसाचा पाय उत्तम होतो. अर्धा लिटर सुंगटांच्या अर्कावर सॉस नेहमीसारखाच घट्ट करून घ्या, आच बंद केल्यावर १०० मिलिलिटर जाड रस घाला. मैद्याच्या आधाराने तो फुटत नाही. लोण्याऐवजी खोबरेल वापरले तर दूधही टळेल. हळद मात्र घालू नका, घातली तर जेवणारे ‘भात कुठे आहे?’ असे विचारतील.


सासष्टीकर
मंगळवार, रात्री ८.३५

या चर्चेत आपल्या घरच्या पायचा उल्लेख अजून झाला नाही याचे आश्चर्य वाटले. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतील ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला ‘आपा द कामारांव’ करतात, तो सुंगटांचा पायच आहे. त्यात मैद्याची पारी नसते. तांदूळ आणि नारळ वाटून, सूर (माडी) घालून फुगवलेल्या पिठाचा एक थर खाली आणि एक थर वर घालतात, मध्ये मसाल्यात परतलेली सुंगटे भरतात आणि तो भाजतात. सूर न मिळाल्यास आता बहुतेक जण यीस्ट घालतात. आमच्या शेजारणीच्या हातचा हा पदार्थ मी लहानपणापासून खात आलो आहे, आणि त्याचा तळ ओला झालेला मी कधी पाहिला नाही. कारण साधे आहे. सुंगटांचा मसाला तेल सुटेपर्यंत आटवलेला असतो, त्यात भिजवायला पाणीच उरत नाही. काचपात्र सरांनी जे सूत्र सांगितले ते त्या बाईंना न शिकवता ठाऊक होते.


पर्वरीचा_नवखा
बुधवार, दुपारी ३.२०

माझे दोन प्रश्न आहेत. माझ्याकडे ओव्हन नाही, तर कढईत हा पदार्थ होईल का? आणि पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, गोठवलेली कोळंबी चालेल का?


काचपात्र
बुधवार, सायंकाळी ५.४५

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात गोठवलेल्या कोळंबीवाचून गत्यंतर नसते. तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, म्हणून पाकिटावरील निव्वळ वजन पाहावे. अनेक उत्पादक पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेटचा वापर करतात, ते घटकांच्या यादीत छापलेले असते. अशी कोळंबी शिजताना जास्त पाणी सोडते. रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीत ठेवून बर्फ उतरू द्यावा आणि नीट टिपून घ्यावी. सॉसमध्ये मैदा १० ग्रॅम वाढवावा. डोकी नसल्यामुळे अर्क काढता येणार नाही, त्यासाठी मूठभर सुकी सुंगटे डोके-शेपटी काढून भाजून पाण्यात उकळावीत. पत्नीची ही युक्ती आहे, आणि ती कोरड्या गालम्याचीही (बारीक सुक्या कोळंबीचीही) होते, असे तिचे म्हणणे आहे.


उंडो_पोळी
बुधवार, रात्री ९.१५

ओव्हन नसेल तर कढईच्या नादी लागू नये. खालून धग आणि वरून वाफ अशा स्थितीत पारी कधीच भाजली जात नाही. सारण मात्र गॅसवर पूर्ण शिजवता येते : दाट सॉस उकळून त्यात आधी मासा आणि दोन मिनिटांनी सुंगटे घालायची, सुंगटे पारदर्शक होती ती पांढरी-केशरी झाली की आच बंद करायची. ओळखीच्या बेकरीत आदल्या दिवशी सांगून पफचे चौकोन भाजून आणावेत आणि वाटीत सारण भरून वर ठेवावेत. मी विद्यार्थी असताना चक्क खारी बिस्किटे ठेवत असे. त्याला पाय म्हणू नये, पण भूक भागते.

होय दर्यावर्दी, हे वाटीवरचे बशीप्रकरणच झाले. हसू नये.


खाजनकाठ
रविवार, दुपारी ४.०५

आज पुन्हा केला. सविस्तर लिहिते, कारण आपण सर्वांनी एवढा वेळ दिला.

शनिवारी सकाळी फोंड्याच्या बाजारात मानशीची (खाडीकाठच्या बांधातल्या झडपेच्या दाराशी धरलेली) सुंगटे मिळाली. आमच्या ओळखीची नुस्तेकान्न (मासेविक्रेती) सांगत होती की ओहोटीला मानशीच्या दारावर लावलेल्या जाळ्यातली ती पहाटेची आहेत. आकाराने मध्यम, साल पातळ, आणि सोलताना हाताला गोडसर वास. डोक्यांचा अर्क संध्याकाळीच काढला. तवंग खरोखर नारिंगी आला, आणि तो सॉसमध्ये ढवळताना पांढऱ्यावर आधी रेषा उमटल्या, मग सगळा सॉस जास्वंदीच्या फिक्या कळीसारखा झाला. सॉस इतका घट्ट होता की मला दर्यावर्दींच्या त्या ‘काळजी’चा अर्थ समजला. तो परातीत पसरून, परात थंड पाण्यात ठेवून निववला आणि मग फ्रिजमध्ये ठेवला. मासळी मात्र त्यात आज सकाळीच मिसळली.

चाळणीखालचे पाणी मोजून पाहिले. सुंगटे आणि चणक मिळून पाऊण किलो होते, आणि ओव्हनचे तोंड पाहण्याआधीच वाटीच्या तळाशी चार मोठे चमचे पाणी जमले होते.

पहाटे साडेपाचला पीठ मळले. एक चूक तिथे झालीच : बाजारातले पिवळे लोणी खारे असते हे लक्षात न घेता मी पिठात वेगळे मीठ घातले, आणि तिसऱ्यांचे पाणीही खारे होते. पारी लाटताना तिच्यात लोण्याचे पांढुरके ठिपके फरशीतल्या खड्यांसारखे दिसत होते. कडेला मुरड घालताना धाकटा शेजारी उभा राहून ‘ही एवढी मोठी नेवरी कोणासाठी?’ असे विचारत होता.

२०० अंशांवर बाविसाव्या मिनिटाला चिरांतून पहिला बुडबुडा आला, पस्तिसाव्या मिनिटाला भांडे बाहेर काढले. काचपात्र सरांना व्यक्तिगत संदेशात विचारले होते, त्यांनी माशाच्या मध्यभागी ६३ अंश पुरेसे असल्याचे कळवले होते. घरातला मांसाचा तापमापक चिरेतून आत घातला तेव्हा तो ७१ दाखवत होता. दहा मिनिटे निवू दिले. सुरी घातल्यावर करकर असा आवाज आला आणि सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. झाकणाचा खालचा पदर ओलसर होता, पण चिकट नव्हता. तळाशी पाणी नव्हते. सुंगटे ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली होती, वेटोळी झाली नव्हती. सॉस थोडा खारट झाला, त्यामुळे सर्वांनी लिंबू जरा जास्तच पिळले.

एक शंका उरली आहे. भांड्यात दोन माणसांपुरते शिल्लक आहे, ते उद्या कसे गरम करावे? उद्या सोमवार असला तरी धाकट्याने आपल्यापुरता नियम बदलून घेतला आहे.


दर्यावर्दी
रविवार, सायंकाळी ६.३०

अभिनंदन. वाढून झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेला भाग फ्रिजमध्ये गेला असेल असे गृहीत धरतो. आपल्या हवेत मासळी आणि दूध बाहेर राहू देऊ नये. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास झाकण पुन्हा उकडीच्या वळणावर जाईल. ओटीजीमध्ये १६० अंशांवर, आधी वर सैल फॉइल टाकून पंधरा मिनिटे आणि मग फॉइल काढून पाच मिनिटे ठेवावे. मधोमध वाफाळते गरम झाले पाहिजे. सुंगटे आजच्याइतकी मऊ राहणार नाहीत, त्याला इलाज नाही.


हुमण_भात
रविवार, रात्री ९.२०

मानशीची सुंगटे आणखी मिळाली, आणि पुढच्या खेपेस पिठात मीठ घालणार नसाल, तर आम्ही दोघे जेवायला येऊ. भात आम्ही आणू.